घाईने दिलेली साक्ष

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी मार्थाआत्याचं नाव घेतो. आईवडिलांचं घेत नाही, कारण त्यांचे उपकार वेगळे काढून दाखवता येत नाहीत. मार्थाआत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. ती ठाण्याच्या एका सरकारी दवाखान्यात आया होती. नवरा लवकर गेला, एकुलती मुलगी जालन्याकडे दिली, आणि भिवंडीजवळ शेलारला दोन खोल्यांत ती एकटी राहायची. आमचं मूळ नगरकडचं, आणि इतकी वर्षं शेलारला राहूनही तिची बोली पक्की नगरकडचीच राहिली होती. तिच्या अंगाला कायम फिनेलचा वास यायचा. नाताळला नवीन लुगडं नेसली तरी तो यायचाच. शाळेत ती गेली नव्हती. आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या प्रौढवर्गात ती वाचायला शिकली, ती फक्त शास्त्र, म्हणजे बायबल, वाचण्यासाठी, त्यामुळे मोठ्या छपाईचं शास्त्र तिला वाचता येई आणि एसटीची पाटी वाचताना मात्र ती शेजाऱ्याला विचारी.

मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. निवृत्त होईपर्यंत मी शाळेत शिकवलं, आणि निरोपसमारंभात लोक म्हणाले की सर गरिबीतून वर आले. ते खरं आहे, पण गरीब आमच्या गल्लीत सगळेच होते. मला जे शिकायचं होतं ते कुठल्या वर्गात शिकवत नव्हते, आणि ते मी एका शुक्रवारी, जेवणानंतर, दारातल्या उजेडात आत्याकडून शिकलो. हे प्रकरण त्या शुक्रवाराबद्दल आहे. पण त्याआधी घर सांगायला हवं.

धामणकर नाक्यावरून आत वळलं की आमची गल्ली. एका बाजूला लूमचे, म्हणजे यंत्रमागांचे कारखाने, दुसऱ्या बाजूला कामगारांच्या खोल्या. आमची एकच खोली सोय म्हणून कारखान्याच्या मागच्या भिंतीला जोडून बांधलेली होती. पलीकडे चोवीस लूम चालत. ती भिंत दिवसरात्र थरथरायची. तिला टेकून बसलं की पाठीत मुंग्या येत, आणि फळीवरचे पेले एकमेकांना लागून किणकिणत म्हणून आईने त्यांच्यामध्ये चिंध्या कोंबून ठेवल्या होत्या. पाहुणे येऊन पहिल्यांदा घाबरत. आम्हाला मात्र लूम थांबले तरच जाग यायची. वीज गेली की गल्लीतली तान्ही मुलं रडायला लागत, इतकी त्यांना त्या आवाजाची सवय होती.

बाबा त्याच कारखान्यात कामाला होते, एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रातपाळी. आई पुढच्या पडवीत कांड्या भरायची. कांडी म्हणजे धोट्यात बसवायची सुताची नळी. आईची बोटं त्या सुताने कायम कापलेली असत, आणि भाकरी थापताना पीठ झोंबलं की ती जीभ टाळ्याला लावून एक बारीक आवाज काढी. लूमच्या खात्यात कुणी ओरडून बोलत नाही, कारण ओरडून काही उपयोगच नसतो. सगळे ओठ हलवतात आणि समोरचा ओठांवरून समजतो. वीस वर्षांत बाबा त्यात तयार झाले होते, आणि त्याच वीस वर्षांत त्यांचे कान गेले होते. स्वतःचा आवाज त्यांना कळत नसे, म्हणून ते साधं ‘मीठ दे’ म्हणाले तरी तीन खोल्यांपलीकडून कुणीतरी मीठ घेऊन यायचं. आई म्हणायची, यांना गुपित सांगणं म्हणजे नाक्यावर दवंडी.

आईचा आवाज मात्र त्या खडखडाटातून वाट काढायचा. कसा, ते मला सांगता येत नाही. ती मोठ्याने गायची नाही. तिचा आवाज उंच आणि बारीक होता, आणि लूमच्या दोन ठोक्यांमधून तो निघून यायचा. माणसांचं बोलणं बाबांना ऐकू येईनासं झालं तेव्हाही आईचं गाणं ऐकू यायचं. ती चुलीपुढे काही गुणगुणायला लागली की बाबा, पाठ तिकडे असली तरी, मान हलवू लागत.

भिवंडीत लूमची सुट्टी शुक्रवारी. त्यामुळे आमच्या मंडळीचा खरा रविवारसुद्धा शुक्रवारीच असायचा. पंधरा-सोळा घरांची मंडळी, बहुतेक सगळे लूमवरचे. रविवारी सकाळी शाळेच्या भाड्याच्या खोलीत उपासना व्हायची, पण तिथे बायका, मुलं आणि रातपाळी करून आलेले, बसल्या बसल्या झोपणारे पुरुष. शुक्रवारी दुपारी नमाज सुटून गल्लीतली गर्दी पांगली की घरसभा भरायची, पाळीपाळीने एकेकाच्या घरी. आधी घरोघरी जेवणं. आमच्याकडे त्या दिवशी ठरलेली वांग्यात सुकट आणि बाजरीची भाकरी. मग सगळे हातात आपापला कप घेऊन निघत, कारण तीस माणसांना पुरतील एवढे कप कुणाच्याच घरी नव्हते. कपाच्या बुडाला ज्याने त्याने नेलपॉलिशचा ठिपका लावलेला असे, आमचा लाल. लूम बंद असत, गल्ली शांत असे, आणि त्या शांततेत आई गाणं उचलायची. आमच्याकडे पेटी नव्हती. शिमोनकाकांची ढोलकी होती. ते मंडळीचे सेक्रेटरी, आणि ढोलकी ते सेक्रेटरीसारखीच वाजवत, म्हणजे सगळ्यांच्या पुढे जाऊन.

गाण्यानंतर साक्ष. आठवडाभरात देवाने काय केलं ते उभं राहून सांगायचं. आणि आमच्या मंडळीत एक पद्धत पडली होती की मागितलेली गोष्ट मिळायच्या आधीच, ती मिळाली म्हणून आभार मानायचे. तोच पक्का विश्वास, असं समजलं जायचं. शिमोनकाकांनी एकदा घरात नळ आल्याबद्दल अशी साक्ष दिली होती. नळ आला अडीच वर्षांनी. मध्ये कुणी हसलं की ते म्हणत, ‘येणार तर आहे ना? मग झालं.’ या पद्धतीची मी आज टिंगल करत नाही. ज्यांच्या हातात काहीच नसतं ते लोक आशेवर आधीच हक्क सांगून ठेवतात. पण नळाच्या बाबतीत जे चालतं ते सगळीकडे चालत नाही.

मी तेव्हा बारावीला होतो. मंडळीत न अडखळता वाचणारा मी एकटाच, म्हणून शास्त्रपाठ माझ्याकडे असायचा. पाळकसाहेब एक शुक्रवार आड कल्याणहून स्कूटरवर येत. ते नसले की लोक माझ्याकडे पाहत. सतराव्या वर्षी तीस माणसांनी आपल्याकडे पाहणं हे चांगलं नसतं. मला ते फार आवडायचं.

आईच्या गळ्यावरची गाठ आत्यानेच पाहिली. नाताळच्या करंज्या चालल्या होत्या. आई मान खाली घालून लाटत होती, आणि आत्या समोर बसून सारण भरता भरता थांबली. सारणाचे हात पदराला पुसून तिने आईच्या गळ्याला बोटं लावली आणि तिला आवंढा गिळायला सांगितला. वीस वर्षं वॉर्डात डॉक्टरांच्या मागे उभं राहून तिला हे ठाऊक झालं होतं. मग ती पुन्हा सारण भरू लागली. पण नाताळ झाल्यावर दुसऱ्याच सोमवारी ती आईला ठाण्याला घेऊन गेली. सुई घालून तपासणी झाली. डॉक्टर म्हणाले की गाठ चांगली दिसत नाही, काढावी लागेल, आणि फार थांबू नका. आईने एकच विचारलं, की आवाजाचं काय. डॉक्टरांनी खरं ते सांगितलं. आवाजाची नस अगदी जवळून जाते, जपू, पण खात्री देता येणार नाही. आत्याने धडपड करून तीन आठवड्यांनंतरच्या मंगळवारची तारीख मिळवली.

त्या तीन आठवड्यांत मंडळीने उपास केले. शिमोनकाकांनी चहा सोडला, ही मोठी गोष्ट होती. आई नेहमीसारखी कांड्या भरत होती, गात होती, फक्त एखादं कडवं संपलं की हात गळ्याकडे जायचा. मी रोज तिच्या गळ्याकडे पाहायचो. एका संध्याकाळी ती दिवा लावत असताना मला गाठ लहान दिसली. दिसली असं मी आजही लिहितो, कारण मला खरंच तसं वाटलं होतं. ज्याला एखादी गोष्ट फार हवी असते त्याचे डोळे विश्वासू नसतात, हे तेव्हा मला कुणी सांगितलं नव्हतं. तारखेच्या आधीच्या शुक्रवारी पाळकसाहेब नव्हते. मी शास्त्रपाठ वाचला, पुस्तक मिटलं, आणि खाली बसण्याऐवजी म्हणालो की देवाने माझ्या आईची गाठ काढून टाकली आहे, मी स्वतः पाहिलं आहे, म्हणून मी त्याचे आभार मानतो.

बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं. शिमोनकाकांनी कुणी न सांगता ढोलकी सुरू केली. बाबा माझ्या ओठांकडे पाहत होते, आणि त्यांचा चेहरा कसा झाला ते मला वर्णन करता येत नाही. आई माझ्याकडे बघून हसली. मग तिने पदर गळ्याभोवती ओढून घेतला. चहाच्या वेळी तीन-चार जणी तिच्याजवळ गेल्या तेव्हा तो पदर तिने दोन्ही हातांनी धरून ठेवला होता, हे मी पाहिलं. पाहिलं आणि दुसरीकडे बघितलं.

मंगळवार आला. बाबांची रातपाळी होती. ते घरी आले, तोंड धुतलं, स्वच्छ शर्ट काढला आणि आईला विचारलं, निघायचं ना? आई म्हणाली की मंडळीत आभार मानून झालेत, आता कशाला जायचं. बाबांनी तिच्या ओठांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी वही उघडून बसलो होतो. त्यांनी शर्ट पुन्हा खुंटीला लावला. आई कांड्या भरायला गेली. त्या दिवशी मला एकदाच वाटलं की उठावं, पडवीत जावं आणि सांगावं की मला नीट दिसलं नव्हतं. पण मग शुक्रवारी काय तोंड दाखवू? मी एक गणित सोडवत बसलो, आणि ते सुटलं याचं मला समाधानही वाटलं. हे लिहायला मला आज चाळीस वर्षांनीसुद्धा जड जातं.

आत्या शुक्रवारी दुपारी आली. मंगळवारी तिने काय केलं होतं ते मला नंतर कळलं. आईसाठी मिळवलेली खाट दुसऱ्या कुणाला जाऊ नये म्हणून ती दुपारपर्यंत स्वतः त्या खाटेवर बसून राहिली होती, आणि सिस्टरची बोलणी खाल्ली होती. पण घरात आल्यावर ती रागावली नाही. तिने सुकट घातलेली वांगी दोनदा वाढून घेतली. बाबांना विचारलं की रातपाळीचे डोळे किती लाल करून घेतलेस. हात धुतले. मग तिने आईला दाराजवळ, उजेडात पाट टाकून बसवलं आणि तिच्या गळ्यावरचा पदर बाजूला केला.

“शम्या, हिकडं ये. हात लाव.”

मी जागचा हललो नाही. तिने माझा हात धरून ओढला आणि माझी दोन बोटं आईच्या गळ्यावर ठेवली.

“गिळ गं एस्तेर.”

आईने आवंढा गिळला. माझ्या बोटांखाली ती गाठ वर गेली आणि खाली आली. सुपारीपेक्षा मोठी, आणि टणक.

“हाय का न्हाय?”

“आहे.”

“मंग मंडळीत काय बोललास?”

मी म्हणालो की मी विश्वासाने बोललो. माझा आवाज मलाच लहान मुलासारखा वाटला.

“इस्वास देवावर ठेवायचा व्हता. तू तुझ्या बोलन्यावर ठेवलास,” आत्या म्हणाली. “देव चांगला हाय, शम्या. गाठ हाय तरी चांगला हाय. त्येचं नाव राखाया तू खोटं बोलायची गरज न्हाय.”

तेवढ्यात आई बोलली. ती म्हणाली, “आक्का, त्याला नका बोलू. त्याचं बोलणं मला सोयीचं पडलं. मलाच जायचं नव्हतं.” आणि मग, मान वळवून, रस्त्याकडे बघत, “माझा आवाज गेला तर मी काय उरते?”

आत्याने आईचा पदर सारखा केला. मग म्हणाली, “याकोबाची बायको उरशील. ह्या येड्याची आय उरशील. आन वांग्यात सुकट घालाया गळा लागत न्हाय.” आई हसली आणि हसता हसता रडायला लागली. बाबा या सगळ्यात एकेकाच्या तोंडाकडे पाहत होते. त्यांनी सगळं वाचलं होतं. ते उठले आणि त्यांनी तिन्ही कप धुवून पिशवीत घातले, कारण सभेला जायची वेळ झाली होती. जाता जाता आत्याने मला एवढंच सांगितलं की मंडळीत ती काही बोलणार नाही, माझं मी बघायचं.

त्या दिवशी सभा शिमोनकाकांकडे होती आणि पाळकसाहेब आले होते. शास्त्रपाठाला मी उभा राहिलो आणि पुस्तक न उघडताच म्हणालो की गेल्या शुक्रवारी मी सांगितलं ते खरं नव्हतं. गाठ आहे. मला ती नसावी असं वाटत होतं म्हणून मी नाही म्हणालो, आणि माझ्यामुळे आईने दवाखान्याची तारीख चुकवली. एवढं बोलून मी बसलो. कोपऱ्यात शिमोनकाकांचा नळ ठिबकत होता. शिमोनकाका म्हणाले की पोराचा विश्वास डळमळला, यासाठी आधी प्रार्थना करायला हवी. पाळकसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, आणि शिमोनकाकांना थांबायला सांगितलं. मग त्यांनी आईला विचारलं, “बाई, पुढची तारीख कधीची मिळेल?”

“मंगळवार,” आत्या मागून म्हणाली. तिने ती आधीच मिळवून ठेवली होती.

पाळकसाहेब म्हणाले, ठीक आहे, मग आता बाईंसोबत कोण कोण जाणार ते ठरवू. प्रार्थनेला आपल्याकडे चार दिवस आहेत. पहिला हात शिमोनकाकांचा वर गेला. रक्त लागलं तर माझं घ्या, म्हणाले, चहा सोडल्यापासून फार शुद्ध झालंय. त्यांच्याबद्दल मी वर थोडं वाकडं लिहिलं आहे, म्हणून हेही लिहून ठेवतो.

मंगळवारी बाबांचे लूम त्यांच्याच खात्यातले, उत्तरेकडचे रामसुमेर म्हणून होते त्यांनी सांभाळले. “याकूबभाई, आप जाइए,” ते ओठांनीच म्हणाले, “भाभी से पहले कपड़ा थोड़े है.” दवाखान्यात आत्या निळ्या काठाच्या साडीत ड्युटीवर होती आणि आम्हाला ओळख दाखवत नव्हती. उलट पेशंटजवळ गर्दी करू नका म्हणून इतरांपेक्षा आमच्यावरच जास्त डाफरत होती. आईला आत नेताना मात्र तिने स्ट्रेचरची एक बाजू स्वतः धरली. आम्ही बाकावर बसलो. पाळकसाहेबांनी मला प्रार्थना करायला सांगितली, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला शब्द सुचले नाहीत. मी ‘देवा’ म्हणालो आणि थांबलो. त्यांनी बराच वेळ वाट पाहिली आणि मग स्वतःच आमेन म्हणाले.

गाठ वाईटच निघाली, पण पूर्ण निघाली. आणखी काही महिने गेले असते तर काही करता आलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले. दुसऱ्या दिवशी आईने मला हाक मारायला तोंड उघडलं आणि नुसती हवा बाहेर आली. तिने पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा हवाच. डॉक्टर म्हणाले की नस दुखावली आहे, काही येईल, काही येणार नाही. मी तिथून बाहेर पडलो. आत्या व्हरांड्याची लादी पुसत होती. मी तिला विचारलं की हाच का तुझा चांगला देव?

ती पुसायची थांबली नाही. “त्येलाच इचार. त्येला राग येत न्हाय. मालक गेले तवा मी वरीसभर इचारत व्हते.”

“मग काय म्हणाला?”

“काय न्हाय म्हनला.” तिने फडकं बादलीत पिळलं. “पन गेला न्हाय कुटं. पाय उचल, वलं हाय.”

मी नंतर पुष्कळ प्रवचनं ऐकली, मोठमोठ्या माणसांची. दुःखाविषयी यापेक्षा खरं मी ऐकलेलं नाही. यापेक्षा थोडक्यात तर नाहीच.

त्या दिवशी संध्याकाळी बाबा खाटेजवळ बसले. आईचे ओठ हलले, आणि बाबा, सबंध वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “हो, कुलूप लावलंय. दूध मांजराने पिलं.” आईचे ओठ पुन्हा हलले. “नाही, शमूने खिडकी उघडी टाकली.” मी चकित होऊन पाहत राहिलो. आईच्या घशातून आवाजाचा कण येत नव्हता आणि त्यांच्यात रोजच्यासारखं भांडण चाललं होतं. डॉक्टरांना, सिस्टरना, मला, कुणालाच आईचं काही कळत नव्हतं, आणि ज्याचे कान लूमने खाल्ले होते त्या एका माणसाला सगळं कळत होतं. सिस्टर औषधाचं विचारायला बाबांनाच बोलावू लागल्या.

तीन आठवड्यांनी घरसभा आमच्याकडे होती. साक्षीच्या वेळी आई उभी राहिली. लोक अवघडले. तिने बाबांना खूण केली. बाबा सभेत कधीच बोलले नव्हते. ते तिच्यासमोर, मंडळीकडे पाठ करून उभे राहिले, तिच्या ओठांवर डोळे ठेवले आणि पाळीवरच्या मुकादमाला हाक मारावी तशा आवाजात सुरुवात केली. “मी घाबरले होते, म्हणते. आवाज जाईल म्हणून जीव घालवायला निघाले होते, म्हणते.” आई थांबली. मग पुन्हा ओठ हलले. “हळू बोला, म्हणते.” सगळे हसले. बाबांना हसणं दिसलंच नाही, कारण त्यांची पाठ होती. ते तसेच पुढे म्हणाले, “देवाने माझा आवाज राखला नाही. मला राखलं. असं का केलं ते मला माहीत नाही. मी त्याच्यावर रुसले होते. अजून थोडी रुसलेलीच आहे. पण बोलणं बंद नाही केलं, म्हणते.” मग त्यांनी जरा वेळ घेतला, कारण त्यांचेच डोळे भरले होते आणि ओठ नीट दिसत नव्हते. “पोराला कुणी काही बोलू नका, म्हणते.”

पुढे आईला थोडा आवाज आला, खाली, खरखरीत, स्वयंपाकघरापुरता. गाणं आलं नाही. गाणं शिमोनकाकांची सून उचलू लागली. आई टाळ्या वाजवायची, आणि कडव्याच्या शेवटी सगळ्यांचा श्वास संपला तरी तिच्या टाळ्या जागच्या जागी पडत. आता आमची गल्ली ओळखू येत नाही. पुष्कळ कारखाने बंद झाले, आणि अंजूरकडे गेलं की शेतांच्या जागी गोदामं उभी आहेत. मी परवा तिकडून रिक्षाने येत होतो, तर शेजारी मुलीला घेऊन बसलेल्या बाईच्या गळ्यावर ऑपरेशनची बारीक आडवी रेघ होती. मी विचारू नये ते विचारलं, की आवाज कसा आहे. ती म्हणाली, बरा आहे, हल्ली जपतात.

मी बी.ए. झालो त्या वर्षी आत्या निवृत्त होऊन मुलीकडे जालन्याला गेलेली होती. तिला मी हे आंतरदेशीय पत्र पाठवलं. ती गेल्यावर तिच्या मुलीने ते मला परत दिलं. अक्षर मोठं काढलेलं आहे, तिला स्वतःला वाचता यावं म्हणून, आणि त्यामुळे सगळी जागा भरून शेवटचा मजकूर घडीवरच्या पट्टीवर गेला आहे. जसं आहे तसं उतरवतो.

तीर्थरूप मार्थाआत्यास, शमुवेलचा सलाम.

आम्ही इकडे खुशाल आहोत. तुझे गुडघे कसे आहेत? मी पास झालो. दुसरा वर्ग मिळाला. बाबांनी सगळ्या गल्लीला सांगितलं, म्हणजे एकदाच सांगितलं, पण सगळ्या गल्लीला ऐकू गेलं.

आईला मंगळवारी तपासणीला ठाण्याला नेलं होतं. ऑपरेशनला तीन वर्षं झाली. सगळ्या तपासण्या पुन्हा केल्या. आता तिथे नवीन आया आहे, ती पाय उचला म्हणत नाही, सरळ पायावर पाणी टाकते. आईने तुझी फार आठवण काढली.

आधीच्या शुक्रवारी शिमोनकाका म्हणाले, शमू, निकालाचे आणि तपासणीचे आभार आताच मानून टाक, दोन्ही चांगलेच येणार. मी म्हणालो, काका, आल्यावर मानीन. ते जरा नाराज झाले. निकाल आला, तपासणीचा कागदही आला. आईला काही नाही. डॉक्टर म्हणाले, गोळी रोज सकाळी उपाशीपोटी चालू ठेवा आणि आता वर्षाने या. या शुक्रवारी मी कागद हातात घेऊन उभा राहिलो आणि त्यावर लिहिलं होतं तेवढंच वाचलं.

एक गोष्ट मी मंडळीत बोललो नाही, ती तुला सांगतो. आई आत होती आणि मी बाकावर बसलो होतो. कागद अजून यायचा होता. तेव्हा मी मनाशी ठरवलं की कागदावर काहीही असो, शुक्रवारी उभं राहायचं, जे असेल ते सांगायचं, आणि देव चांगला आहे असंही म्हणायचं. आत्या, मी फार घाबरलो होतो. पण या वेळी मी खोटं बोलणार नव्हतो.

तुझा,
शमू